वहीतला कोड आणि अ‍ॅडमिरल आजी

आमच्या हॉस्टेलमध्ये जर्नल लिहिणारा एक असतो आणि उतरवणारे एकोणचाळीस! रात्री दोन वाजता कॉमन रूममध्ये ती एकच वही फिरत असते आणि सकाळी दहाला प्रत्येकाच्या बगलेत आपापलं जर्नल तयार असतं. सेकंड इयरला असंच उतरवताना कोणीतरी मायक्रोफॅरडचा मिलिफॅरड केला. त्याच्यावरून पुढच्याने उतरवलं, त्याच्यावरून त्याच्या पुढच्याने... सबमिशनच्या दिवशी मॅडमनी एकापाठोपाठ एक तेरा जर्नलांत त्याच जागी लाल गोल केला. आम्ही माना खाली घालून हसत होतो. उतरवलेली चूक वाढत जाते, हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. मला ते कळलं फायनल इयरला. आणि ज्या बाईंमुळे कळलं त्या १९९२ सालीच वारल्या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

त्याआधी आमच्या प्रोजेक्टची रडकथा सांगतो, म्हणजे संबंध लक्षात येईल.

आम्ही चौघांनी हॉस्टेल मेसच्या हिशेबाचं वेब अ‍ॅप्लिकेशन करायला घेतलं. बराचसा कोड मीच लिहिला आणि सगळा एकाच फाइलमध्ये लिहिला. लॉगिन, मेनू, खाडे, महिन्याचं बिल, डेटाबेस, पानांचं एचटीएमएल, सगळं एकाखाली एक! फाइल तीन हजार ओळींच्या जवळ गेली तेव्हा मला चक्क अभिमान वाटला होता. खाडे मोजायचा नियम तीन ठिकाणी लागत होता : विद्यार्थ्याच्या पानावर, बिलात आणि रेक्टर सरांच्या रिपोर्टमध्ये. मी एकदा लिहिला आणि दोनदा कॉपी-पेस्ट केला. मग मेस कमिटीने नियम बदलला. सलग तीन दिवसांऐवजी दोन दिवस गैरहजर राहिलं तरी खाडा धरायचा. मी दोन ठिकाणी बदल केला. तिसरं ठिकाण विसरलो.

डेमोच्या आदल्या दिवशी मला सडकून ताप आला. बाकीच्या तिघांनी डेमो दिला. रेक्टर सरांसमोर एकाच मुलाचे खाडे त्याच्या पानावर चार आणि रिपोर्टमध्ये दोन दिसले! तिघे त्या तीन हजार ओळींत वरखाली फिरत राहिले, पण नेमकी जागा कुणालाच सापडेना. मेसचे काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपलं लाल रजिस्टर उघडलं. त्यात खाडे बरोबर होते. रजिस्टर चालू ठेवायचं ठरलं, आमचं अ‍ॅप्लिकेशन बाजूला पडलं आणि रूमवर आम्हां चौघांत दोन दिवस अबोला! गाइड मॅडमही फारसं रागावल्या नाहीत. कोड दुरुस्त करण्याआधी ग्रेस हॉपर यांच्याबद्दल वाचून ये, एवढंच त्यांनी सांगितलं. मी नाइलाजाने वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. छोटी ग्रेस सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघावं म्हणून तिने एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून आतली रचना बघायला दुसरं उघडलं, मग तिसरं... अशी घरातली सात घड्याळं खिळखिळी झाली. आपल्याकडे पाठीत धपाटा बसला असता. तिच्या आईने एवढंच ठरवलं, की यापुढे उघडायचं ते एकच घड्याळ! वस्तू सुटी करून तिचे भाग बघायचे, ही सवय ग्रेसला जन्मभर पुरली.

व्हासार कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या १९२८ साली पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची मास्टर्सची पदवी घेतली. त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. १९३४ मध्ये येलचीच गणितातली पीएच.डी. मिळवली. त्या काळात बाईने गणितात पीएच.डी. करणं किती दुर्मिळ होतं ते वेगळं सांगायला नको. १९३१ पासून त्या व्हासारमध्ये शिकवत होत्या. म्हणजे सगळं कसं सुरळीत चाललं होतं. कायमची नोकरी, आवडता विषय... आयुष्य इथेच संपलं असतं तर आज त्यांचं नावही आपल्याला माहीत नसतं.

पण १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. आपणही नौदलात जायचं असं बाईंनी मनात घेतलं. अडचणी भरपूर! वय पस्तिशीच्या पुढे, वजन ठरलेल्यापेक्षा १५ पौंड कमी, आणि वर गणिताच्या प्राध्यापकांची गरज देशाला वर्गातच जास्त आहे असा सरकारी विचार. तरीही खटपट करून, वजनाची खास सूट मिळवून, डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्याच. वयाने निम्म्या असलेल्या मुलींबरोबर कवायत केली आणि १९४४ मध्ये आपल्या तुकडीत पहिल्या आल्या. त्यांना वाटलं होतं आता जहाजाशी संबंधित काही काम मिळेल. नेमणूक झाली ती हार्वर्ड विद्यापीठातल्या एका तळघरात!

तिथे हॉवर्ड एकेन यांनी तयार केलेलं मार्क वन नावाचं यंत्र होतं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे पाच टन. सेकंदाला साधारण तीन बेरजा करायचं, आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद घ्यायचं. आज हसू येतं, पण नौदलाच्या तोफांची कोष्टकं त्यावर रात्रंदिवस तयार होत होती. कागदी टेपवर भोकं पाडून त्याला सूचना द्यायच्या. हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्बेल हे जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमर मंडळींपैकी. एकेन साहेबांनी बाईंना या यंत्राची माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, पाचशेहून अधिक पानांची! आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची पन्नास पानं भरताना आपण काय काय करतो ते आठवा.

आता गंमत बघा. साइन काढायचा, वर्गमूळ काढायचं, असे तुकडे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लागायचे. दर वेळी ते नव्याने कोण लिहिणार? म्हणून नीट चाललेला तुकडा ही मंडळी आपापल्या वहीत टिपून ठेवायची. गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायची. थोडक्यात काय, हार्वर्डच्या तळघरातही आपलीच कॉमन रूम! आणि चुकाही त्याच. घाईत बी या अक्षराचा १३ व्हायचा, डेल्टाचा ४ व्हायचा. शिवाय उतरवलेला तुकडा नव्या जागी बसवताना त्यातल्या प्रत्येक अ‍ॅड्रेसमध्ये ठरावीक आकडा मिळवावा लागायचा. त्या साध्या बेरजाही चुकायच्या. हॉपरबाईंच्या लक्षात आलं, की माणसाला धड उतरवता येत नाही आणि धड बेरीजही करता येत नाही. आणि ही दोन्ही कामं बिनचूक करणारं यंत्र तर समोरच उभं आहे!

इथे मी वाचता वाचता थांबलो. खाड्याचा तो तिसरा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर आला.

जाता जाता बगची गोष्ट. मार्क टू या पुढच्या यंत्राच्या रिलेमध्ये अडकलेला एक पतंग ९ सप्टेंबर १९४७ रोजी सापडला, आणि तो चिकटपट्टीने वहीत चिकटवून ठेवला गेला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आजही आहे. हॉपरबाईंनीच तो पतंग पकडला आणि बग हा शब्द काढला, असं आपल्याला फर्स्ट इयरला छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. बाईंनी ही गोष्ट रंगवून सांगून जगभर पोचवली, एवढं मात्र खरं.

युद्ध संपलं आणि बाईंचे वाईट दिवस सुरू झाले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये त्या तात्पुरत्या पदावर राहिल्या, पण तिथे स्त्रियांना कायमची जागा मिळत नव्हती, आणि १९४९ मध्ये मुदत संपली. वय ४२, हातात नोकरी नाही. त्या काळात त्यांना दारूचंही व्यसन लागलं होतं. थोर माणसांच्या चरित्रात असल्या गोष्टी आपण गाळतो. मला त्या गाळाव्याशा वाटत नाहीत, कारण बाईंचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं आहे. सहकाऱ्यांनी साथ दिली, त्यांनी स्वतःला सावरलं आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉक्ली या छोट्याशा कंपनीत त्या गणितज्ञ म्हणून लागल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक बांधत होती. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली.

इथे बाईंनी ती वहीची कटकट कायमची मिटवायचं मनावर घेतलं. तपासून पक्के केलेले सगळे तुकडे, म्हणजे सबरुटीन, त्यांनी मॅग्नेटिक टेपवर एकत्र ठेवले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. आपल्या लायब्ररीत पुस्तकाला असतो ना, तसा! प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचे आणि कशावर क्रिया करायची ते सांगायचं. तुकडे टेपवरून शोधणं, ओळीने मांडणं आणि अ‍ॅड्रेसच्या बेरजा करणं हे काम संगणकाचं. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रोग्रॅमचं नाव ए-झिरो. बाईंनी त्याला कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत तो लिंकर आणि लोडरच्या जास्त जवळचा. सबरुटीनचा संग्रह करण्याची कल्पना मात्र त्यांच्या एकटीची नव्हे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी एडसॅक संगणकासाठी असा संग्रह केला होता आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं.

ए-झिरोमधली एक युक्ती मला फार आवडली. युनिव्हॅकच्या मेमरीत फक्त १००० शब्द मावायचे. त्यामुळे सगळा प्रोग्रॅम एकदम समोर ठेवणं अशक्य. टेप एकदाच वाचत पुढे जायचं. आता पहिल्या तुकड्यातून पुढच्या एखाद्या तुकड्यावर उडी मारायची असेल, तर तो तुकडा नेमका कुठे बसणार हे अजून ठरलेलंच नाही! मग उडीचा पत्ता काय लिहायचा? कॉलेजात बाई बास्केटबॉल खेळायच्या. मुलींच्या तेव्हाच्या नियमांत चेंडू एकदाच टप्पा मारून नेता यायचा. म्हणून चेंडू जवळच्या मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचं आणि तिच्याकडून परत घ्यायचा. बाईंनी तेच केलं. मेमरीच्या शेवटी एक छोटा कोपरा राखून ठेवला आणि त्याला तटस्थ कोपरा म्हटलं. पहिली उडी त्या कोपऱ्यात मारायची. पुढचा तुकडा जागेवर बसला, की कोपऱ्यातून त्याच्याकडे दुसरी उडी लिहून टाकायची. झालं काम!

हे चालत असताना लोक काय म्हणत होते? संगणक फक्त गणितं करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं म्हणत होते. बाई जिद्दीच्या. त्यांचं पुढचं पाऊल तर आणखी धाडसी होतं. व्यापारी हिशेब करणाऱ्या माणसांना चिन्हं नकोत, शब्द हवेत, हे ओळखून त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देण्याची कल्पना मांडली. वरिष्ठांना पटवायला त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवल्या. यंत्राला शब्द कुठलेही सारखेच, हे त्यांना दाखवायचं होतं. पण परिणाम उलटाच! अमेरिकेत बांधलेल्या संगणकाला फ्रेंच, जर्मन येईलच कसं, म्हणून साहेब लोक हबकले आणि बाईंना इंग्रजीवरच थांबावं लागलं. तरी त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आकाराला आली.

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये सरकारी आणि कंपन्यांचे लोक जमले. प्रत्येक संगणकाची भाषा वेगळी, त्यामुळे यंत्र बदललं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे, हा खर्च कुणालाच परवडत नव्हता. त्यातून कोबोल भाषा जन्मली. ती समितीने घडवली. बाई सल्लागार होत्या, आणि मुख्य आधार त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता. कोबोलमधला प्रोग्रॅम चार विभागांत लिहायचा. पहिल्यात प्रोग्रॅमची ओळख, दुसऱ्यात यंत्राची माहिती, तिसऱ्यात डेटाचं वर्णन आणि चौथ्यात प्रत्यक्ष कृती. यंत्र बदललं तर मुख्यतः दुसरा विभाग बदलायचा, हिशेबाची रीत तशीच राहते. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम जवळजवळ जसाच्या तसा आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. ज्याच्यामुळे बदल होणार ती गोष्ट वेगळी ठेवायची, हे शहाणपण तेव्हाचं आहे. १९९८-९९ मध्ये वायटूकेच्या वेळी आपल्या देशातल्या कितीतरी तरुण इंजिनिअर्सना याच भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडी वर्षं शोधत बसावं लागलं. चाळीस वर्षांनंतर कोणी अनोळखी माणूस आपला कोड उघडेल, असं लिहिणाऱ्यांना कुठे वाटलं असेल?

१९६६ च्या अखेरीस वयामुळे बाईंना नौदलातून निवृत्त करण्यात आलं. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आलं, कारण नौदलातल्या कोबोलला शिस्त लावणारं दुसरं कोणी नव्हतं. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले! १९६९ मध्ये एका संस्थेने त्यांना संगणकशास्त्रातला मॅन ऑफ द इयर हा पुरस्कार दिला. नाव पुरस्काराचं, बदलणार कोण? १९८३ मध्ये त्या कमोडोर झाल्या, १९८५ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल. भाषणाला जाताना पर्समध्ये सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे न्यायच्या आणि वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जातो हे हातात धरून दाखवायला! त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. आजवर असंच करत आलो, म्हणून पुढेही असंच, ही वृत्ती त्यांना खपायची नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे, आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सन्मान मिळाला.

वाचून झाल्यावर मी तिघांना उठवलं. अबोला मोडायला चहा मीच केला. मग त्या फाइलचे भाग पाडायला बसलो, सात घड्याळांऐवजी एकच घड्याळ! खाडे आणि बिल यांचं एक पॅकेज, लॉगिनचं दुसरं, डेटाबेसच्या टेबलांची वेगळी फाइल, एचटीएमएल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता वगैरे सेटिंग एका बाजूला. खाड्याचा नियम आता एकाच फंक्शनमध्ये आहे. तिन्ही पानं त्यालाच हाक मारतात. पहिल्याच दिवशी अडलो. मुख्य फाइल टेबलांची फाइल मागवत होती आणि टेबलांची फाइल डेटाबेस ऑब्जेक्टसाठी मुख्य फाइलला मागवत होती. पायथन दोघींच्या मध्ये अडकून एरर देत बसला. तेव्हा माझा रूम पार्टनर म्हणाला, आपल्यालाही एक तटस्थ कोपरा लागणार! डेटाबेस ऑब्जेक्ट आम्ही तिसऱ्या छोट्या फाइलमध्ये ठेवला. ती फाइल आमच्या कोडमधलं दुसरं काहीच मागवत नाही, बाकीच्या दोघी तिच्याकडून घेतात. हॉपरबाईंची अडचण आणि आमची अडचण तंतोतंत एक नाही, पण ती युक्ती वाचली नसती तर आम्हाला हे सुचलं नसतं.

कमिटीने नियम पुन्हा बदलला. या वेळी मी गावी होतो. पार्टनरने दहा मिनिटांत एका फाइलमधल्या दोन ओळी बदलल्या आणि तिन्ही पानं बरोबर आली. मला फोनही आला नाही! थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कोड माझ्यावाचून अडत नाही, याचा आनंद जास्त होता. मेसच्या काकांनी लाल रजिस्टर अजून बंद केलेलं नाही. एक महिना दोन्ही चालवू, मग बघू म्हणाले. त्यांचं बरोबर आहे.

ज्युनियर मित्रांनो, तुमचा प्रोजेक्ट सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी पंचवीस फोल्डर करत बसू नका. पण एकच तुकडा दुसऱ्यांदा चिकटवायला बोटं सरसावली, की क्षणभर थांबा आणि त्याला एक नाव, एक जागा द्या. आणि जर्नलचं म्हणाल तर... निदान मायक्रो आणि मिली तरी नीट बघून उतरवा!